मुक्काम आणि मोकळीक

लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की कुठूनही नोकरी करता येते, याचं आता आमच्या माढ्यातही कुणाला नवल वाटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची मुलं गावाकडं आली आणि माडीवरच्या खोल्यांतून इंग्रजी मीटिंगा ऐकू येऊ लागल्या. पुढं बहुतेक जण परतले, काहींनी घरून काम करण्याची मुभा टिकवून धरली. माझा भाचा आणि त्याची बायको त्यांपैकीच. दोघंही सॉफ्टवेअरमधली. यंदा पौषात त्यांनी नवाच घाट घातला. महिनाभर मुंबईत भाड्यानं खोली घ्यायची, काम तिथूनच करायचं आणि उरलेल्या वेळात शहर पालथं घालायचं. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायच्या आदल्या दिवशी बहिणीनं विचारलं, "रजा नाही, बदली नाही, मग चाललात तरी कशाला?"

प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. आपल्याकडं माणूस घर सोडतो ते पोटासाठी, दवाखान्यासाठी नाहीतर देवाला. हिंडायला जायचं तर काम मागं ठेवून जायचं आणि कामाला गेलं की हिंडणं विसरायचं, अशी आपली वहिवाट. काम पाठीवरच्या पिशवीत घालून हौसेनं परगावी राहणं तिच्या पिढीच्या हिशेबात बसत नाही.

परत आल्यावर दोघांनी सांगितलेली मुंबई मात्र मला वेगळीच वाटली. भाच्याचे साहेब न्यूयॉर्कचे. थंडीच्या दिवसांत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात. त्याचं काम दुपारी सुरू होऊन रात्री अकराला संपायचं. सुनेचं ऑफिस आपल्या वेळेनुसार, दहा ते सात. खोली एकच. त्यामुळं एकानं पलंगावर मांडी ठोकायची, दुसरीनं ओट्याशी स्टूल ओढायचं आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत धावत जाऊन माइक बंद करायचा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय नेमकं यांच्या कामाच्याच वेळात उघडं, त्यामुळं ते शनिवार-रविवारवर गेलं. नाटकांच्या संध्याकाळीही तशाच गेल्या. कामाच्या दिवशी दोघांच्या वाट्याला एकत्र आली ती फक्त पहाट. मग त्यांनी पहाटेचीच मुंबई पाहिली. दादरच्या फूलबाजारातली झेंडूची पोती, ससून डॉकवर बर्फाच्या चिखलात चाललेला मासळीचा लिलाव, पहिल्या लोकलमध्ये मिळालेली खिडकी. सून म्हणाली, "मामा, मुंबईत होतो, पण मुंबईच्या घड्याळावर नव्हतो."

हे वाक्य डोक्यात घोळत राहिलं, कारण त्याच दिवसांत आमच्या तालुक्यात दुसरी जोडपी मुक्कामाला होती. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं, कालव्यांना पाणी आलं आणि ज्वारीच्या या कोरडवाहू मुलखात उसाचे फड उभे राहिले. पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ उचल दोघांच्या नावावर मिळून, मजुरी टनावर आणि एकानं दांडी मारली तरी खाडा जोडीचा. तो ऊस तोडतो, ती पाचट सोलून मोळ्या बांधते, मग दोघं मिळून त्या डोक्यावरून गाडीत चढवतात. कारखाना रात्रंदिवस चालतो, त्यामुळं वाहन मध्यरात्री आलं तर भरणीही मध्यरात्री. दिवस मावळल्यावर तो टेकतो, ती पाचटाच्या कोपीपुढं चूल पेटवते. दोघांत काही वरकमाई असलीच तर ती वाढं विकून.

ही जोडपीही घरापासून लांब राहून, दोघं मिळून काम करतात. मुक्काम महिन्याचा नाही, चार-पाच महिन्यांचा. तरी एवढ्या काळात त्यांना माढा किती दिसतो? माढेश्वरीचं देऊळ, निंबाळकरांचा किल्ला, जिच्याबद्दल आपल्या ग्रंथात लिहून रा. चिं. ढेरे यांनी एवढा वाद ओढवून घेतला ती विठ्ठलमूर्ती, हे सगळं काही मैलांवर. पण फड ते कोपी आणि कोपी ते फड, यापलीकडं पाय वळायला रिकामा तास लागतो, आणि तो तास उचल घेतली त्याच दिवशी गहाण पडलेला असतो.

कुणी म्हणेल, ही तुलनाच ओढूनताणून केलेली. एकाकडं शिक्षण, पगार, पंखा असलेली खोली; दुसऱ्याकडं कर्ज आणि पालापाचोळ्याचं छप्पर. खरं आहे. पण पगार वाढला म्हणून आपोआप मोकळीक येत नाही. भाच्याचा पगार चांगला, तरी त्याची संध्याकाळ न्यूयॉर्कनं नेलीच. फरक असा, की कुठला तास आपला आणि कुठला साहेबाचा हे त्याला आधी ठाऊक होतं. म्हणून उरलेल्या पहाटेचा त्याला बेत आखता आला. तोडणीवाल्या जोडप्याला गाडी कधी येईल हेच माहीत नसतं. अशा माणसाला दिवसाचे दोन तास रिकामे मिळाले तरी ते वाट पाहण्यात जातात. परगाव बघायला मिळतं ते ठरलेल्या, आपल्या हक्काच्या वेळेमुळं. काम बरोबर नेता येणं ही नुसती सोय झाली, आणि ती सोय तर कोयत्याच्या जोडीलाही आहे. कोयता कुठंही नेता येतो.

म्हणून घरून कामाच्या या नव्या स्वातंत्र्याचं कौतुक करताना मला एक पथ्य पाळावंसं वाटतं. स्वातंत्र्य मोजायचं ते ठिकाणावरून नाही, तासांवरून. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली, हे चांगलंच. पण मुलं वसतिगृहात राहिली म्हणून आईबापाची रात्र मोकळी होत नाही. गाडी भरण्याच्या वेळा ठरल्या, आठवडी बाजाराच्या दिवशी खाडा न लागता सुट्टी मिळाली, तर साखर काही कमी पडणार नाही. वाहनांचं वेळापत्रक बसवणं कारखान्याला थोडं जड जाईल, इतकंच.

भाचा-सून आली तेव्हा अख्ख्या आळीनं त्यांना मुंबईच्या गोष्टी विचारल्या. तोडणीवाली जोडपी आमच्या शिवारात हंगामभर राहतात, पण तुम्ही आमचं गाव पाहिलंत का, हे त्यांना आम्ही विचारत नाही. विचारायला लाज वाटते, कारण उत्तर काय येणार आणि त्यातला आपला वाटा किती, हे उसाला पाणी देणाऱ्या आम्हाला पुरतं ठाऊक आहे.