सावली आणि मुळें

मोठ्या झाडाखालीं लहान झाड वाढत नाहीं, असें आपल्याकडे इतक्या वेळां म्हटलें जातें कीं, त्याचा खरेपणा तपासण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. कर्तबगार पित्याचा पुत्र सामान्य निघाला, किंवा नामांकित गुरूचा शिष्य गुरूच्याच मतांची उजळणी करीत राहिला, म्हणजे हा दृष्टांत पुढें येतो. आणि सारा दोष सावलीच्या माथीं मारून आपण मोकळे होतों. परंतु दृष्टांत बागेंतला घ्यावयाचा, तर साक्षही बागेचीच काढली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. पाणचक्कीच्या जुन्या वडाखालीं बसलेल्याला सावलीचा महिमा सांगावयास नको. परसांतल्या कडुनिंबाखालीं अळू, हळद, हंसराज हीं सुखानें नांदतात. अळूचें पान रुंद व पसरट. मिळेल तेवढा उजेड तें गोळा करतें. नागवेल तर पानमळ्यांत मुद्दामच शेवरी-शेवग्याच्या आश्रयानें लावतात. यूरोप-अमेरिकेंत हाच मान होस्टा या झाडास आहे. मूळचें तें चीन, कोरिया, जपान या बाजूचें. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ होस्ट याच्यावरून हें नांव त्याला १८१२ सालीं मिळालें. जेथें गुलाब फुलत नाहीं अशा कोपऱ्यांत तें पानांच्या शोभेसाठीं लावतात. जपानांत त्याच्या एका जातीच्या कोवळ्या कोंबांची भाजीही करतात. कडक उन्हांत त्याचीं पानें करपतात. तेव्हां सावली ही सर्वांनाच बाधक, हें म्हणणें टिकत नाहीं.

मग मोठ्या झाडाखालीं रोपें खुरटतात तीं कशानें? पुष्कळदां कारण वर नसतें, जमिनींत असतें. पावसाचें पाणी आधीं वरच्या पर्णभारावर अडतें. जें खालीं पोंचतें तें जुनीं मुळें शोषून घेतात. म्हणून जाणता माळी मोठें झाड तोडीत नाहीं. तो रोपाला निराळें पाणी घालतो, पालापाचोळ्याचें खत देतो, प्रसंगीं कुंडींत लावून त्याची माती स्वतंत्र राखतो. पानमळेवालाही आभाळ भरून राहूं लागलें कीं शेवरीच्या फांद्या छाटतो आणि वेलीपर्यंत उजेड पोंचवितो.

येथें आमच्या प्रश्नाचें स्वरूप पालटतें. थोरांनीं आश्रय द्यावा कीं नाहीं, हा वाद राहत नाहीं. आश्रय देतांना त्यांनीं खालची ओल कोणासाठीं ठेविली, हें पाहावें लागतें. घरांतला प्रत्येक निर्णय स्वतः करणारा पिता मुलाला उन्हापासून वांचवितो, हें खरें. पण निवड करण्याचा हक्क, चुकण्याची मोकळीक, चारचौघांतला मान, हें सर्व तो स्वतःच पिऊन टाकतो. आणि मूल खुरटलें म्हणजे त्यालाच नादान ठरवितो. शिष्याच्या कामाचें श्रेय घेणारा अध्यापकही त्याच पंक्तींतला.

याहून अवघड असा आणखी एक भेद आहे. होस्टाला हिवाळ्यांत खऱ्या थंडीची विश्रांति लागते. सावली कितीही दाट केली तरी ती आमच्या हवेंत मिळत नाहीं. असें झाड येथें आणून कुढवीत ठेवणें ही हौस झाली; तिला माया म्हणतां येत नाहीं. आपल्याजवळ काय देण्यासारखें नाहीं, हें ओळखणें हाही संगोपनाचाच भाग होय. ज्या मुलाला निराळी हवा हवी, त्याला ती मिळेल तेथें जाऊं देणें, ही कित्येक घरांत सर्वांत कठीण गोष्ट ठरते.

वडिलधाऱ्यांनीं सावली आंखडती घ्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. या उन्हाच्या मुलखांत तें क्रूरपणाचें होईल. पण झाडाला आपलीं मुळें आवरतां येत नाहींत, म्हणून त्याला कोणी दोष देत नाहीं. माणसाला तीं आवरतां येतात, आणि म्हणूनच त्याच्या बाबतींत हा नीतीचा प्रश्न होतो.