खडूच्या दोन रेघा

कराडजवळच्या एका गावात सोळा वर्षांचा एक मुलगा व्हॉलीबॉल खेळायचा. दीड-दोन वर्षांत तो ताडमाड वाढला, सहा फुटांना टेकला, पण अंगावर मांस म्हणून नाही. पारावरची माणसं त्याला काडीपैलवान म्हणायची. तो हसून सोडून द्यायचा. आईला मात्र झोप लागायची नाही. पोराला घरात खायला घालत नाहीत का, हा प्रश्न किती खोल जातो ते ज्या बाईला ऐकावा लागतो तिलाच ठाऊक.

मग ती इरेला पेटली. रात्री साडेनऊला चार भाकऱ्या, वर तुपाची धार, वाटीभर उसळ. पोरगा तिसऱ्या भाकरीलाच पेंगायचा. कोल्हापूरच्या तालमीत उमेदवारी केलेले मामा आले आणि त्यांनी स्वतःचा खुराक लावून दिला : तांब्याभर दूध, तूप, बदामाची थंडाई. चार दिवसांत पोराचं पोट बिघडलं. मामांचा खुराक खोटा नव्हता. पण तो पहाटेच्या जोर-बैठकांना आणि दुपारच्या गाढ झोपेला जोडलेला होता. या पोराला दुपारभर वर्गात बसायचं होतं. शेवटी प्रोटीन पावडरीचा डबा आला. त्यात आठवड्याच्या बाजाराचे पैसे गेले, वजनकाटा काही हलला नाही.

शाळेतल्या खेळाच्या सरांनी काट्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मैदानाकडेच्या भिंतीजवळ पोराला उभं केलं. सराव सुरू होताना उंच उडी मारून बोट टेकेल तिथे खडूची एक रेघ, सराव संपताना दुसरी. दोन रेघांत चार बोटांचं अंतर पडलं. आठवडाभर रोज तेच. रविवारी मात्र अंतर जेमतेम एक बोट.

“आज काय खाल्लंस?”

“दुपारी दोनला मटण-भाकरी, भात.”

“आणि काल?”

पोरानं सांगितलं आणि सर संध्याकाळीच घरी आले.

“वहिनी, काय घालता ते नका सांगू. कधी घालता ते सांगा.”

आईनं बोटांवर मोजलं. पहाटे चहा-बिस्किट खाऊन मैदान. नऊला घाईत दोन चपात्या. दीडला डबा. साडेपाच ते साडेसात पुन्हा मैदान. साडेनऊला जेवण. बोलता बोलता ती स्वतःच थांबली. दीड ते साडेनऊ पोराच्या पोटात काही नव्हतं, आणि दिवसातली सगळ्यात मोठी मेहनत नेमकी त्याच आठ तासांत होती.

सर म्हणाले, “भाकरी-भातातली साखर स्नायूंत साठते, तिच्यावर उडी निघते. साठा संपला की पाय जड. आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात या वयाच्या मुलाला दिवसाला ३३२० कॅलरी सांगितल्यात आणि बैठं काम करणाऱ्या बाप्याला २११०. म्हणजे ह्याच्या वडलांपेक्षा ह्याला दीडपट लागतं. एवढं एका ताटात कसं मावंल? आणि वजनाची घाई करू नका. ह्या वयात आधी उंची येते, अंग मागून भरतं. आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात कुस्ती खेळले आणि ब्राँझ घेऊन आले. काट्यावरनं ताकद ठरत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून नवं काही विकत आलं नाही, घरातलंच अन्न दिवसभर पसरलं. पहाटे केळ आणि भिजवलेले मूठभर शेंगदाणे. मैदानावरून आल्यावर दोन अंडी, चपाती, दूध. दीडच्या डब्यात उसळ-चपातीबरोबर भात आणि दही. पाच वाजता दप्तरातला छोटा डबा : शेंगदाण्या-गुळाचे दोन लाडू आणि एक केळ. रात्रीचं जेवण सव्वाआठला आलं, दोन भाकऱ्यांवर उतरलं, आणि पोरगा जागेपणी जेवू लागला. मला या सगळ्यात तो पाचचा डबा सर्वांत मोलाचा वाटतो. खेळणाऱ्या कितीतरी पोरांच्या घरी डबे असतात, लाडूही असतात. शाळा सुटल्यापासून मैदान संपेपर्यंतची वेळ तेवढी कुणाच्या हिशेबात नसते.

रेघा महिन्याभरात जवळ आल्या. काटा सावकाश, महिन्यांमागून महिने हलला. पावडरीचा डबा आईनं धुऊन त्यात शेंगदाणे भरले.

धाकटी बहीण आठवीत, खो-खो खेळणारी. एक दिवस तिनंही सरांकडून भिंतीवर दोन रेघा मारून घेतल्या आणि घरी येऊन आईपुढे पंजा धरला.

“माझं पाच बोटं, आई.”

आई लाडू वळत होती. दादाच्या डब्यात रोज दोन जायचे, पोरीच्या दप्तरात एकही नाही. पोरीला काय लागतं, असं सगळेच म्हणायचे, आणि तीही म्हणायची. तिनं परात पुढे ओढली.

“शेवटचं कधी खाल्लंस गं?”

“दीडला. डब्यातलं.”

“हा घे आधी. आणि उद्या सरांना विचार, तुझ्या वयाला तक्त्यात किती लिहिलंय. रक्तही तपासून घेऊ तुझं, हल्ली दमतेस फार.”