झाली की केली

पहिला आवाज झाला तेव्हा वाटलं, तळघरात एखादं कपाट पडलं असावं. दुसऱ्या आवाजाला मी अंथरुणात उठून बसलो आणि तिसऱ्याला काय ते समजलं. मे महिन्यातली रात्र होती, दोन वाजले होते. खाली जाऊन दिवा लावला. जमिनीवर फेस पसरला होता. पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून बाहेर भोकं पडली होती, आणि काचेची एक लांब चीप समोरच्या भिंतीजवळ ठेवलेल्या मुलीच्या सायकलच्या सीटमध्ये रुतली होती.

मिनियापोलिसमध्ये आम्ही नऊ वर्षं राहिलो. त्यातली पाच वर्षं मी घरी बियर करत असे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बियरवरचा केंद्रीय कर उठला. दोन प्रौढांच्या घराने वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास बियर करावी, प्यावी, वाटावी. विकू मात्र नये. विकायची नाही, म्हणून तपासायला कुणी येत नाही. याचा अर्थ किती गंभीर आहे ते मला त्या रात्रीपर्यंत जाणवलं नव्हतं.

या छंदातले लोक एकत्र आले की आपापल्या चुकांच्या गोष्टी सांगतात. माझ्याही पुष्कळ होत्या. हॉप्स टाकताक्षणी पातेलं उतू गेलं आणि शेगडीच्या फटींतला चिकटा महिनाभर निघत होता. एकदा नळी निर्जंतुक करायची राहिली आणि 19 लिटर बियर व्हिनेगरच्या वळणावर गेली. एकदा हॉप्सचा चोथा एअरलॉकमध्ये अडकून झाकण छताला लागलं. या गोष्टी सांगताना मी हसायचो, ऐकणारेही हसायचे. आता वाटतं, आपल्याला ऐकू येतात त्या चुकांच्या गोष्टी बहुतेक थोडक्यात निभावलेल्या माणसांच्या असतात. ज्याच्या घरी कुणाचा डोळा गेला, तो मैफलीत ती गोष्ट सांगत नाही. म्हणून नव्या माणसाला हा सगळा छंद गंमतीचा वाटतो.

त्या बाटल्यांची चूक जानेवारीतली. मिनेसोटाचा जानेवारी, तळघर तेरा-चौदा अंशांवर आलेलं. एवढ्या थंडीत एल जातीचं यीस्ट मरत नाही, पेंगतं. बियर तयार झाली की नाही हे हायड्रोमीटर सांगतो. साखर संपत जाते तसा त्याचा आकडा उतरतो. माझा 1.050 पासून सुरू होऊन 1.012 च्या आसपास यायला हवा होता, तो 1.020 वर अडकला. दोन दिवसांनी पुन्हा पाहिला तरी 1.020 च. अशा वेळी पिंप उबदार खोलीत आणून आठवडाभर वाट पाहावी, हे मी वाचलेलं होतं. पण मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम दोन आठवड्यांवर होता आणि मी बियर आणणार असं सांगून बसलो होतो. "दोनदा सारखा आला, म्हणजे झालं," असं म्हणून मी नेहमीची साखर घालून 48 बाटल्या भरल्या आणि टोपणं ठोकली.

बाटलीत थोडी साखर मुद्दाम घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं आणि बियरला फेस येतो. पण हायड्रोमीटरचे चार अंक जरी आधीचे शिल्लक राहिले, तरी बाटलीतला वायू नेहमीच्या जवळजवळ दुप्पट होतो. माझे आठ शिल्लक होते. कार्यक्रमात बियर नावाजली गेली, कारण थंडीत यीस्ट अजून झोपलेलंच होतं. मे महिन्यात तळघर तापलं आणि ते जागं झालं.

काच झाडताना आठवलं, संक्रांतीनंतर बारा बाटल्या मी एका काकांना दिल्या होत्या. मंडळातले ज्येष्ठ गृहस्थ. नात्याने कुणी नाही, पण परदेशात काका म्हणायला नातं लागत नाही. त्यांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली होती. त्यांच्या दोन नाती दर शनिवारी त्यांच्याकडे राहायला येत. ती रात्र शुक्रवारची होती.

मी फोन केला नाही. रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला कशाला उठवायचं, असं स्वतःला समजावलं. सकाळी आठला ते उठलेले असतात हे मला माहीत होतं, तरीही केला नाही. उरलेल्या बाटल्या जाड हातमोजे आणि चष्मा घालून, वर ओला टॉवेल टाकून, एकेक करून उघडल्या. ते काम खरोखरच जरूर होतं, पण त्याच्या आडोशाला मी दहा वाजवले. मग फोन लावला.

"काका, त्या बाटल्या कुठे ठेवल्यात?"

"गॅरेजमध्ये आहेत रे. का?"

"हात लावू नका. मुलींना तिकडे जाऊ देऊ नका. आमच्याकडच्या काल फुटल्या. काचेत दोष असावा."

ते म्हणाले, "बरं झालं बाबा सांगितलंस." मी जाऊन बाटल्या उघडून आलो. त्यांच्याकडची एकही फुटली नव्हती. काकूंनी चहा दिला. काका हसून म्हणाले, "आता बाटल्याही मेल्या नीट करत नाहीत."

काचेत काही दोष नव्हता.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी 1976 साली नैतिक नशिबाचा प्रश्न मांडला. दोन माणसं सारखाच निष्काळजीपणा करतात. एकाच्या गाडीसमोर मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण आयुष्यभर दोषी धरतो, दुसऱ्याला विसरून जातो. फरक केवळ नशिबाचा असेल, तर दोषातला फरक कुठून येतो? माझी गोष्ट दुसऱ्या माणसाची आहे, म्हणूनच ती मला सोयीची वाटत नाही. कुणालाच इजा झाली नाही, तेव्हा विषय संपला असं मला कुणीही सांगेल. आपल्याकडे तर फळाचा विचार सोडायची शिकवणही तयार असते. पण ती शिकवण नीट लावली तर ती माझ्या सुटकेची नाही. फळ हिशेबातून काढलं की फक्त कर्म उरतं, आणि मग चांगलं फळ मला वाचवायला येत नाही.

मग माझं कर्म नेमकं कोणतं? बाटल्या भरण्याची घाई चूक होतीच, पण तेव्हा मला परिणाम दिसत नव्हता. दिसू शकला असता, मी बघितलं नाही. रात्री दोन वाजता मात्र सायकलच्या सीटमधली काच माझ्या हातात होती. त्यानंतरचे आठ तास मी सगळं जाणून गप्प होतो. आणि शेवटी बोललो तेव्हा सावध केलं, पण दोष काचेवर ढकलला. माणूस अडाण्यासारखं वागतो त्यापेक्षा जाणून वागतो ते जास्त त्याचं असतं, असं मला वाटतं. म्हणून जानेवारीपेक्षा मेचा दोष मी मोठा धरतो, जरी धोका जानेवारीत तयार झाला होता.

यात मराठीने मला मदत केली, हेही कबूल करायला हवं. दूध उतू गेलं, पीठ आंबलं नाही, बियर बिघडली, बाटल्या फुटल्या, चूक झाली. या वाक्यांत करणारा कुणी नाहीच. बियरच्या बाबतीत हे अर्धं खरंही आहे. बव्हेरियाच्या 1516 च्या शुद्धतेच्या नियमात सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच आहे. यीस्टचा उल्लेख नाही, कारण काम कोण करतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पाश्चरचं बियरवरचं पुस्तक 1876 चं. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सनने शुद्ध यीस्ट वेगळं काढलं ते 1883 साली. आजही आंबवतं यीस्टच. माणूस भांडी धुतो, ऊब सांभाळतो आणि वाट पाहतो. म्हणजे माणसाच्या वाट्याला येतं ते लक्ष ठेवण्याचं काम, आणि मी कमी पडलो ते नेमकं तिथेच. शिवाय संक्रांतीला बियर छान लागली तेव्हा मी "यीस्टने छान केली" म्हटलं नव्हतं. "मी केली" म्हटलं होतं.

आता आम्ही बडोद्यात असतो. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे प्रश्नच मिटला. घरात आंबतं ते इडलीचं पीठ. मागच्या पावसाळ्यात आईच्या लिंबाच्या लोणच्यावर बुरशी आली. तिने लगेच फोन घेतला. लोणचं सात घरी गेलं होतं, साती घरी एकच वाक्य: "अहो, यंदा मी मीठ कमी घातलं, तुमची बरणी टाकून द्या." पाचव्या फोननंतर मी म्हटलं, "अगं आई, लोणचं खराब झालं एवढं सांग ना. पावसाळी हवा आहे, होतं असं."

ती म्हणाली, "हवा दर वर्षीच असते. मीठ मी घातलं होतं." आणि सहावा नंबर लावला.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. दिवाळीला त्यांचा फोन येतो. आपण लावलेल्या त्या शोधाचा ते अजून उल्लेख करतात, की हल्ली बाटल्यांची काच पूर्वीसारखी राहिली नाही. दर वेळी मी "हो ना" म्हणतो. हे लिहून झाल्यावर त्यांना फोन करायचा आहे. काय सांगायचं ते ठरलेलं आहे, आणि पहिला शब्द "मी" आहे.