डोनर गाडी: तीच की नवी?

प्रतिकृती गाडीसाठी डोनर, म्हणजे भाग पुरवणाऱ्या, गाडीची बॉडी उतरवतात. चासी, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल ठेवून त्यांवर नवी बॉडी बसवतात. अलिबाग-मुरुडच्या खाऱ्या हवेत आधी चासीचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून, हातोडीने ठोकून पाहावा लागतो. पण बॉडी बदलल्यावर उरते ती गाडी तीच का? ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन सांगतात की चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे, रथ हे त्यांच्या जुळणीला दिलेले नाव. न्यायदर्शन मात्र अवयवांहून वेगळा ‘अवयवी’, म्हणजे संपूर्ण वस्तू, मानते. अवयव बदलले की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. सुट्या भागांचा ढीग आणि धावणारी गाडी यांतला भेद न्यायमतच नीट उलगडते. कायदा मात्र ओळख चासी क्रमांकावरून ठरवतो आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतो. म्हणून अलिबाग-मुरुडकरांनी बॉडीला हात लावण्यापूर्वी पेणच्या आरटीओत चौकशी करावी.