वाटसरूचा कौल

पिंपळगाव बसवंतवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. वाटसरू रात्रीपुरता उतरतो, गावचे पाणी वापरतो आणि उजाडताच निघून जातो. त्याच्या मुक्कामावर कर असावा काय? अमेरिकेत काही गावे हे मतदानाने ठरवतात. आपल्याकडे १९८७ च्या कायद्याने राज्याने हॉटेलांतील महागड्या खोल्यांवर कर बसवला. २०१७ साली वस्तू व सेवा कराने त्याची जागा घेतली. गावाला कौल विचारलाच नाही. पण विचारला तरी पेच उरतोच: मत देणारा कर भरत नाही आणि भरणाऱ्याला मत नाही. पाणी, झाडलोट यांचा खर्च मागणे रास्तच. त्याहून अधिक घेणे म्हणजे गैरहजर माणसाच्या खिशात हात घालणे होय. म्हणून कौल देणाऱ्याने परगावी काढलेली आपली एखादी रात्र आठवावी, म्हणजे आकडा बेताचा राहील.