दुरुस्तीचें प्रमाण

चूक दिसतांच ती सुधारावी, आणि पुरतेपणीं सुधारावी, हा उपदेश इतका सर्वमान्य आहे कीं त्याविषयीं शंका घेणारास आपण आळशी ठरवितों. आम्हांस ही शंका प्रथम आली ती कोणत्याहि नीतिग्रंथावरून नव्हे, तर घरीं बांधलेल्या विमानांतील एका लहानशा यंत्रावरून.

घरीं बांधलेलें विमान ही थट्टा नव्हे. अमेरिकेंत हजारों हौशी गृहस्थांनीं आपल्या गाडीखान्यांत अशीं विमानें जोडलीं आहेत. अर्ध्याहून अधिक काम हौशी मनुष्यानें केवळ शिक्षणासाठीं वा विरंगुळ्यासाठीं केलेलें असावें, असा तेथील सरकारी नियम आहे. आणि तें विमान प्रायोगिक आहे हें सोबत बसणारास सांगावें लागतें. अशा विमानांतहि आतां ऑटोपायलट बसवितात. विमान एका अंगास कलूं लागलें कीं जायरोस्कोपास तें कळतें, एक लहान मोटर पंखांच्या मागील कडेच्या हलत्या पट्ट्या फिरविते, आणि कल मोडतो. कल्पना जुनीच आहे. १९१४ च्या जूनमध्यें पॅरिसनजीक सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुणानें दोन्ही हात वर धरून विमान उडविलें. त्याचा सोबती पंखावर चालत गेला, तरी तोल ढळला नाहीं.

परंतु किती कलल्यास पट्टी किती फिरवावी, हें प्रमाण मालकानें ठरवून द्यावें लागतें. तें फार कमी ठेवलें तर विमान डावीकडे कलतें, उशिरां सावरतें, मग उजवीकडे झुकतें, आणि त्याची वाट नागमोडी होते. हें पाहून मालक प्रमाण वाढवितो. गुण दिसतो म्हणून आणखी वाढवितो. मग अशी वेळ येते कीं डावा कल मोडतांना उजवा उत्पन्न होतो, तो मोडतांना पुन्हां डावा, आणि सुकाणूची दांडी थरथरूं लागते. बाहेर वाऱ्याची झुळूकहि नसते. यंत्र जी चूक झटून सुधारीत असतें ती त्याचीच असते. कल घडणें आणि त्यावरील उपाय लागू पडणें यांत थोडा काळ जातो, आणि उतावळ्या यंत्राचा उपाय दोष संपल्यावरहि चालूच राहतो. शिवाय वेग वाढला म्हणजे तीच पट्टी अधिक जोर करिते. म्हणून मंद गतींत जें प्रमाण शोभलें तें जलद गतींत जाच होऊं शकतें.

आमच्या घरीं एका मुलाचें अक्षर सुधारण्याचा भार तीन वडिलधाऱ्यांनीं एकदम उचलला होता. महिन्याभरांत लेखणी धरतांना त्याचा हात कांपूं लागला, आणि मग त्या कंपासहि वाईट वळण म्हणून बोल लागला!

तर मग थोडी चूक चालूं द्यावी काय? असें म्हणणारांत लबाडहि असतात, हें आम्ही जाणतों. त्यांस उत्तर याच यंत्रांत आहे. मोटर आणि पट्टी यांमधील दांड्यांचे सांधे ढिले असतील तर कोणतेंहि प्रमाण उपयोगी पडत नाहीं. कितीहि आंकडे बदला, विमान डुलतच राहतें. तेथें सहनशीलता नको, सांधाच दुरुस्त करावयास हवा. वाऱ्यानें आलेला कल आणि आपल्या ढिलाईनें आलेला कल यांस एकच औषध नाहीं. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, ही खरी अडचण आहे.

आणखी एक गोष्ट मालकास ठरवावी लागते, आणि आम्हांस ती पहिलीहून मोठी वाटते: मोटरनें आपला आग्रह किती जोरानें धरावा? खडबडीत हवेंत जोर थोडा असला तर ती हार खाते, म्हणून तो वाढविण्याचा मोह होतो. परंतु यंत्र चुकलें तर मनुष्याच्या हातास त्यावर मात करतां आली पाहिजे. अचूकता थोडी गेली तरी चालेल, हा अधिकार जातां कामा नये. यंत्रास अशा पराभवाचें दुःख नसतें; वडिलधाऱ्यांस असतें, आणि आमची उपमा येथें लंगडी पडते हें कबूल केलें पाहिजे.

दक्ष मालक ही परीक्षा जमिनीवरच घेतो. यंत्र सुरू करून तो दांडी हातांत धरतो आणि मोटरच्या विरुद्ध दाबतो. प्रथम ती अडते; जोर वाढविला कीं घसरते, आणि दांडी त्याच्या बाजूस येते. मग दुसऱ्या अंगास तसेंच. दोन्हीकडे यंत्र हरल्यावरच तो शेजारच्या आसनावरील मनुष्यास पट्टा बांधावयास सांगतो.