वाटणे आणि देऊन टाकणे

घरी केलेला गोड पदार्थ चार घरी वाटावा, ही चाल आपल्याकडे इतकी जुनी व सर्वमान्य आहे की तीत नीतिशास्त्राचा एखादा प्रश्न दडलेला असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाही. आम्हांसही ती आली नव्हती. गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या धाकट्या कन्येने मक्याच्या लाह्या साखरेच्या पाकात घोळवून शेजारीपाजारी वाटण्याचा घाट घातला, आणि त्या निमित्ताने आमच्या इतक्या वर्षांच्या तत्त्वज्ञान शिकविण्याची एका संध्याकाळी परीक्षा झाली.

लाह्या आपणांस नव्या नाहीत. लग्नातील लाजाहोम, नागपंचमी आणि लक्ष्मीपूजन यांतून त्या आपल्या घरात वावरतच असतात. मक्याची पाकातली लाही मात्र अमेरिकेची. तिची कृती थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढील सारा वाद तिच्यातूनच उपजला. लाहीच्या मक्याचे टरफल फार कठीण असते व दाण्यात शेकडा चौदाच्या सुमारास पाणी असते. उष्णता १८० अंशांच्या आसपास पोहोचली की आतल्या वाफेचा दाब टरफलास सोसवत नाही आणि दाणा फुटून फुलतो. हे काम दाणा आपले आपण करतो. खरी कसोटी पाकाची. साखर व लोणी मंद आचेवर ठेवून मधासारखा रंग येताच चिमूटभर खाण्याचा सोडा घालावयाचा, पाक फसफसला की तो लाह्यांवर ओतून भराभर ढवळावयाचे. रंग येणे आणि करपणे यांत काही क्षणांचेच अंतर असते. नेमक्या त्या क्षणी आम्ही आमचा चष्मा कोठे आहे, असे कन्येस विचारले. पहिला घाणा काळपट झाला.

दुसरा घाणा उत्तम साधला. मेजावर दोन ढीग झाले. एक सोनेरी, एक कडवट. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडे आहेत, आणि भांडी घासावयास येणाऱ्या बाई, ज्यांना घरातील सर्व मंडळी मावशी म्हणतात, त्या तेराव्या. आम्ही अगदी सहज म्हणालो, "चांगल्या लाह्या शेजाऱ्यांना दे. या मावशींना देऊन टाक; त्यांच्या मुलांना तेवढाच खाऊ."

कन्या म्हणाली, "करपलेल्या मावशींनाच का, बाबा?"

"फेकून देण्यापेक्षा बरे नव्हे का?"

"मग आपणच खाऊ या की. त्या तुमच्यामुळेच तर करपल्या!"

या उत्तरावर आम्ही हसलो. परंतु पुढे बराच वेळ मनाला स्वस्थता नव्हती. वास्तविक आमचा युक्तिवाद काही अप्रतिष्ठित नव्हता. बेंथॅमच्या पंथाचा मनुष्य म्हणेल की अन्न वाया गेले नाही, मुलांच्या तोंडी काही गोड पडले, कोणाचेही नुकसान झाले नाही. जगातील सुखाची बेरीज वाढलीच. या हिशेबात चूक दाखविणे सोपे नाही. मात्र त्यात एक रक्कम धरावयाची राहून गेली आहे. पुडी हाती देताना आपण त्या माणसास केवळ लाह्या देत नाही. आपल्या मनात त्याची जागा कोणती, हेही त्याला सांगतो. करपलेली लाही तोंडात घालताच मावशींना ते कळले असते, आणि त्यांनी ते बोलून दाखविले नसते.

कठोपनिषदातील कथा आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! नचिकेत्याचा पिता यज्ञात सर्वस्व दान करावयास निघाला, आणि दक्षिणेस गाई दिल्या त्या पाणी पिणे, गवत खाणे, दूध देणे सारे उरकून बसलेल्या. त्या पाहून पोरास राहवले नाही. 'मला कोणाला देणार?' असे तो बापास पुनःपुन्हा विचारू लागला. मृत्यूच्या रहस्याकडे नेणारा तो सारा संवाद या टाकाऊ गाईंपासून सुरू होतो, हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत आलो. त्या कथेत बापाचीही एक जागा आहे आणि ती आपणांस भरता येते, हे मात्र आम्हांस त्या मेजापाशी कळले.

मराठीने हा भेद आधीच करून ठेवला आहे. 'वाटणे' या क्रियापदात 'वाटा' आहे. वाटा मिळणारा मनुष्य त्या वस्तूचा भागीदार ठरतो. 'देऊन टाकणे' यातील 'टाकणे' मात्र देणाऱ्याच्या सोयीचे आहे; त्यात अडगळ दूर झाल्याचे समाधान असते, आणि वर दातृत्वाचे पुण्यही हवे असते. घरी केले म्हणून वाटणे आपोआप श्रेष्ठ होते, असेही नाही. शिकागोच्या रूकहाइम बंधूंनी १८९६ साली काकवीत घोळविलेल्या लाह्या व शेंगदाणे 'क्रॅकर जॅक' या नावाने बाजारात आणले. तो व्यापार होता, नफ्यासाठी होता. पण दाम मोजणाऱ्या प्रत्येकास पेटी सारखीच मिळे. ग्राहक पाहून कडवट लाह्या निवडण्याची बुद्धी आम्हांला झाली ती मायेच्या घरगुती पदार्थात.

कोणी म्हणेल, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक, असे गीता सांगते. मग मावशींना दिलेले तरी सात्त्विकच. परंतु गीतेच्या त्याच सतराव्या अध्यायात अनादराने दिलेल्या दानास तामस म्हटले आहे. परतफेड न मागणे ही एक गोष्ट, आणि समोरच्याकडे परतफेडीची ऐपतच नाही असे गृहीत धरणे ही दुसरी. पहिली औदार्य होय. दुसरीत तुच्छता आहे, आणि ती औदार्याचाच वेष घेऊन येते म्हणून ओळखू येत नाही.

असो. कन्येने सर्वांस सारख्याच सोनेरी लाह्या दिल्या. मावशींच्या लाह्या स्टीलच्या डब्यात घातल्या. चार दिवसांनी तो डबा परत आला. डबा रिकामा परत करू नये, ही आपल्या घरांची रीत. त्यात मावशींनी घरी कुटलेली तिळाची चटणी होती. करपलेल्या लाह्यांच्या पुडीचे असे उत्तर आले नसते. टाकलेल्या वस्तूची परतफेड करावयाची नसते. तिथे व्यवहारही संपतो आणि नातेही.

काळपट लाह्या आम्ही आठवडाभर चहाबरोबर खाल्ल्या. त्या चांगल्या लागत नव्हत्या. त्या संध्याकाळी कन्या घरी नसती तर काय झाले असते, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. मावशी त्या लाह्या घेऊन गेल्या असत्या, आणि आम्ही एक सत्कृत्य केले म्हणून त्या रात्री शांत झोपलो असतो.